वहीत न लिहिलेला गुरुवार

बाई, शनिवारी कँटीनमध्ये तुमची शोकसभा झाली आणि तिथं उभा राहून मी खोटं बोललो.

टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. हार जरा मोठाच आणला होता, तुमची हनुवटी त्यात बुडून गेली होती. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अहो, मला श्वास तरी घेऊ द्या." पर्सोनेलचे साहेब बोलले, डॉक्टर बोलले, मग मागून कुणीतरी म्हणालं, "सदाशिवला बोलू द्या. बाईंचा पहिला पेशंट तो." मी उठलो आणि माझ्या विसरवहीची गोष्ट सांगितली. पहिल्या महिन्यात रोज पाच-सहा गोष्टी विसरायचो, दुसऱ्या महिन्यात दोन-तीन, आणि तिसऱ्या महिन्यात काय विसरलो, तर जिरं. सगळे हसले. साहेबांनी मान डोलावली. मी तोंड पुसत खाली बसलो. शेजारच्यानं विचारलं, "लई लागलं का रं मनाला?" मी हो म्हणालो. मनाला लागलं होतंच, पण त्याहून मोठी होती ती भीती.

कारण सोमवारी डोक्याला मार लागलेला केरबा पुन्हा पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहणार होता. इस्पितळात जायच्या आधी तुम्ही सही केलेला शेवटचा कागद त्याचा. 'मशीनवर काम करण्यास योग्य.' आणि तुम्ही तसं लिहू शकलात त्याच्या बुडाशी माझी वही होती. त्या वहीत काय नाही ते या जगात फक्त मला माहीत होतं.

तुम्हाला ते कधीच सांगितलं नाही. आता सांगतो. वेळ चुकलीच आहे, पण माझ्यासारख्याला वेळेवर कधी काही सुचलंय?

मला लागलं ते हसण्यासारखंच होतं. पॅनेलखाली वाकून वायर ओढत होतो, धोंडिबा फिटरनं हाक मारली म्हणून ताडकन उठलो आणि चेनपुलीच्या हुकावर डोकं आपटलं. पाच मिनिटं शुद्ध नव्हती म्हणे. तीन टाके पडले. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरांनी कागदावर 'किरकोळ मार' असं लिहिलं आणि आठ दिवसांची रजा दिली. धोंडिबानं खात्यात जाहीर करून टाकलं, "सदाच्या डोस्क्याचा फोटू काढला, आत काय बी न्हाई निघालं. मी आधीपासनं सांगत हुतो." मीही हसलो. तोवर मला हसता येत होतं.

त्या 'किरकोळ' शब्दानं माझं सहा महिने वाटोळं केलं. उजेड डोळ्यांत घुसायचा. माणसाचं नाव ओठांवर यायचं आणि तिथंच अडायचं. जिना चढून वर जायचो आणि वर कशाला आलो ते खाली राहिलेलं असायचं. एका संध्याकाळी स्टोव्हचा भुर्र आवाज सहन होईना म्हणून मी पेटता स्टोव्ह लाथेनं उडवला. मंदानं पोरीला उचललं आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. माझी बायको मला भ्यायली होती. तिच्यापेक्षा मी जास्त भ्यायलो होतो, कारण लाथ मारणारा कोण ते मलाच ओळखू येत नव्हतं. चाळीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. फोरमन म्हणाला, भरपगारी रजेची नाटकं आहेत. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवावा असा मंदाला प्रश्न पडला होता.

आणि मग कंपनीच्या समाजसेविका म्हणून तुम्ही आलात. चिंचवड स्टेशनवरून उन्हात चालत, छत्री काखेत मारून. छत्री असून उघडली का नाही असं मी नंतर विचारलं तर म्हणालात, "वाऱ्याशी भांडत कोण चालणार?" घरात पाऊल टाकल्या टाकल्या खिडकीचा पडदा ओढलात, माझं स्टूल फिरवून उजेडाकडं पाठ करून दिलीत आणि अगदी हळू बोलायला लागलात. इतक्या दिवसांत माझ्याशी हळू बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या. पण पहिला प्रश्न विचारलात तो मला नाही, मंदाला.

"तुम्हाला भीती वाटते का यांची?"

मंदा रडायला लागली. मला तुमचा असा राग आला, म्हटलं ही कोण कुठली बाई माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला रडवते. मी उठलो तर तुम्ही जागच्या हलला नाहीत. म्हणालात, "बसा सदाशिवराव. तुम्हालाही वाटतेच आहे." मग मंदाला समजावून सांगितलंत, हे वेडे नाहीत आणि ढोंगीही नाहीत. यांच्या मेंदूला मुका मार लागला आहे. तो फोटोत दिसत नाही, वागण्यात दिसतो. मुका मार मंदाला ताबडतोब कळला. डॉक्टरांनी वीस मिनिटं इंग्रजीत सांगितलेलं तुम्ही दोन शब्दांत सांगितलंत.

तुमचे इलाज तरी काय एकेक! आवाजाची सवय व्हावी म्हणून मला पिठाच्या गिरणीत उभं राहायला लावलंत. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा. तुम्ही स्वतः बाहेर घड्याळ बघत उभ्या राहायच्या. गिरणीवाला म्हणायचा, "दळण न्हाई आनलं तर हितं काय काम?" तर तुम्ही चाळीतल्या सगळ्यांची दळणं माझ्याकडं दिलीत. मी पांढराफटक होऊन घरी यायचो आणि चाळीतल्या बायका मंदाला म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याला दर महिन्याला लागू दे गं असंच." साहेबांशी भांडून तुम्ही मला दोन महिने टूल स्टोअरमध्ये हलकं काम मिळवून दिलंत. फोरमन आडवा आला तेव्हा त्याला विचारलंत, "तुमच्या डोक्यात घालू का हुक? मग नाटक कसं करतात ते तुम्हीच दाखवा." हे तुम्ही खरंच म्हणालात की धोंडिबानं तिखटमीठ लावलं, ते मला अजून माहीत नाही. विचारायचं राहून गेलं.

आणि विसरवही. चाळीस पानी, निळ्या पुठ्ठ्याची. दिवसभरात काय काय विसरलो ते रोज संध्याकाळी लिहायचं. मी म्हणालो, "बाई, विसरलेलं आठवून लिहू कसं?" तुम्ही म्हणालात, "बायको सांगेल. बायका काही विसरत नाहीत." दर शुक्रवारी तुम्ही ती कंपनीतल्या तुमच्या खोलीत वाचायच्या. नुसत्या आकड्यावर जायच्या नाहीत. कसला विसर, कुठला विसर, घरातला की कामावरचा, ते बघायच्या. सलग तीन आठवडे वहीत फक्त बारीकसारीक गोष्टी आल्या, की माणूस मशीनवर परत. हा तुमचा नियम आणि तो तुम्ही माझ्याच वहीवरून बांधलात.

बाई, आपलं भांडण मात्र कधीच मिटलं नाही. तुमचं म्हणणं, मेंटेनन्सवर परत जाण्याआधी धोंडिबाला सगळं सांगा. "ज्याच्या खांद्याला खांदा लावून काम करता त्याला माहीत असलं पाहिजे की तुमची आठवण अजून कच्ची आहे." माझं म्हणणं, त्याला सांगितलं तर तो माझ्याबरोबर कामच करणार नाही. विजेच्या माणसाची आठवण कच्ची म्हटल्यावर त्याच्या भरवशावर मशीनमध्ये हात कोण घालील? तुम्ही म्हणालात, "तेच तर. त्याला ठरवू द्या." मी म्हणालो, "बाई, तुम्ही खुर्चीवर बसून बोलता." तुम्हाला ते लागलं. दोन मिनिटं तुम्ही पेन्सिलीला टोक करत बसला होता. पण तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, धोंडिबाला परस्पर सांगितलं नाहीत. पेशंटचं गुपित पेशंटनंच फोडायचं, हा तुमचा बाणा. तिथंच तुमचं चुकलं असं मी आज म्हणतो. आणि तसं म्हणायची मला लायकी नाही, हेही कळतं.

आता तो गुरुवार.

आपल्याकडं सुट्टी गुरुवारची, म्हणजे मेंटेनन्सवाल्यांच्या कामाचा दिवस. सगळी शेड गप्प असते. त्या दिवशी मोठ्या प्रेसचे पट्टे बदलायचे होते. आमच्यात नेम असा, की मशीनमध्ये कुणी हात घालणार असेल तर वायरमननं त्या मशीनचे तिन्ही फ्यूज काढून आपल्या खिशात टाकायचे. पाटी लावून भागत नाही, पाट्या कोण वाचतो? फ्यूज खिशात असले म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून बटण दाबलं तरी काही होत नाही. आतला माणूस बाहेर येऊन समोर उभा राहिला, हात दाखवले, की मगच फ्यूज परत बसवायचे. मी फ्यूज काढले, धोंडिबा मशीनच्या मागं गेला आणि मी चहाला गेलो.

परत येताना रुमाल काढायला खिशात हात घातला आणि हाताला फ्यूज लागले. बाई, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर शंभर वेळा तपासून पाहिलंय. मला वाटलं, अरे देवा, काम झालं आणि मी फ्यूज बसवायचंच विसरलो. पुन्हा विसरलो! आता फोरमनला कळेल, बाईंना कळेल, वहीत लिहावं लागेल, पुन्हा स्टोअर. आदल्या गुरुवारी दुसऱ्या मशीनवर काम झालं होतं, माणूस बाहेर आला होता, ते सगळं मला लख्ख आठवत होतं, फक्त ते आदल्या गुरुवारचं आहे हे आठवत नव्हतं. विसरल्याचं कुणाला दिसायच्या आत मी धावत पॅनेलपाशी गेलो, तिन्ही फ्यूज बसवले, मेन चालू केला आणि मोटर फिरते का बघायला हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

मागून आवाज आला, "सदा, बत्ती जरा हिकडं धर की. पट्टा दिसंना झालाय."

त्याचा हात कोपरापर्यंत चाकात होता.

मी मेन बंद केला. फ्यूज काढले. बत्ती धरली. त्याचा पट्टा बसेपर्यंत धरून उभा राहिलो आणि तो म्हणाला, "आरं हात कशाला हलवतोस, थंडी वाजतीय व्हय?"  त्या दिवसापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. गुरुवार होता म्हणून त्याचा आवाज मला ऐकू आला. इतर कुठल्याही दिवशी शेडच्या धडधडाटात ऐकू आलाच नसता.

त्या संध्याकाळी मी विसरवही काढली. खोटं लिहायचं नव्हतं, तुमच्याशी खोटं बोलायची हिंमत नव्हती. म्हणून मी लहान लहान खरं लिहिलं. 'दुकानातून जिरे आणायला विसरलो. सदऱ्याचे बटण लावायला विसरलो.' दोन्ही अगदी खरं. शुक्रवारी तुम्ही वाचलंत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "जिरं! सदाशिवराव, आता तुम्ही कुठल्याही नवऱ्याइतकेच विसराळू झालात. बरे झालात!" तुमचा आनंद बघून मी वही परत घेतली. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. पुढं पुढं तुम्ही ती वही साहेबांना, नव्या पेशंटांना दाखवायला नेलीत आणि मग तर काय, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी खरंच बरा झालो, बाई. पुढच्या सहा-आठ महिन्यांत आपोआप झालो, तुमच्यामुळं झालो, गिरणीमुळं झालो. हे खोटं नाही. तुम्ही आला नसता तर मंदा माहेरी गेली असती आणि मी कुठल्या तरी देवऋष्यापुढं घुमत बसलो असतो. ते ऋण मी नाकारत नाही. पण बरा झालो तो वहीत लिहिलेल्या वेळेला नव्हे, त्याच्या कितीतरी नंतर. मधले महिने मी फ्यूजवर शाईनं तारीख लिहून काढले.

मग केरबा आला. परभणीकडचा माणूस, प्रेसवर बदली कामगार. कंपनीच्या बसमधून उतरताना पडला आणि डोकं कडेच्या दगडावर आपटलं. पुन्हा एक्स-रे स्वच्छ, पुन्हा 'किरकोळ'. तुम्ही मला म्हणालात, "तुम्ही जात जा त्याच्याकडं. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल." दर गुरुवारी काम आटोपून मी पिंपळे गुरवला त्याच्या खोलीवर जायचो. तिथं तुम्ही त्याला माझी जुनी वही देऊन ठेवलेली, कसं लिहायचं ते कळावं म्हणून. आणि बाई, त्यानं ती फार नीट वाचली होती. त्याच्या वहीत पहिल्यांदा भांडी-कुंडी, नावं-गावं असं भरभरून होतं, आणि मग एका आठवड्यात सगळं एकदम बारीक झालं. 'तांब्या भरून ठेवायला विसरलो. चपलेला खिळा मारायला विसरलो.'  चोराच्या वाटा चोराला ठाऊक. जिऱ्याच्या जागी फक्त तांब्या आला होता.

मी त्याला एकटा गाठून विचारलं, "केरबा, काय लिहीत नाहीस तू?"

त्यानं वही मिटली. मग हात जोडले. "भाऊ, बोलू नका बरं. म्या बदलीवाला मानूस. नाव कटलं तर पुन्हा कोण घेतंय? मह्या पोटावर पाय देऊ नका."

त्याची बायको गयाबाई चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही.

मी तुम्हाला सांगायला निघालोच होतो. खरंच निघालो होतो. तर तुम्ही इस्पितळात, पोटाच्या दुखण्यानं. मी भेटायला आलो त्या दिवशी तुम्ही उशीला टेकून बसला होता, आवाज तेवढा खोल गेला होता. मी सांगू लागणार तेवढ्यात तुम्हीच विचारलंत, "काय हो, धोंडिबाला सांगितलंत का शेवटी?"

त्या हातावरच्या सुया बघून माझं धैर्यच खचलं. "सांगितलं, बाई."

"मग? काय झालं?"

"काही नाही. हसला."

"बघा," तुम्ही म्हणालात. "उगाच इतकी वर्षं भीत होतात." आणि डोळे मिटून घेतलेत. तुम्हाला किती बरं वाटलं ते तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. माणूस जाताना त्याला समाधान द्यावं म्हणतात. मी दिलं, आणि तेही खोटं.

शोकसभेहून आलो ती रात्र तशीच गेली. रविवारी जेवणाच्या सुट्टीत मी धोंडिबाला शेडच्या मागं लिंबाखाली नेलं. त्यानं डबा उघडला होता, भाकरी मोडली होती. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. तो ऐकत होता आणि त्याच्या हातातला तुकडा तसाच होता.

"मेन चालू केला हुतास?"

"हो."

"बटनावर बोट हुतं?"

"होतं."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाला, "चार वरसं माझ्या डब्यातली भाकर खाल्लीस, सदा. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवाची वायरिंग केलीस. आन् हे पोटात ठिवून?" मी म्हणालो, चुकलो. तो म्हणाला, "बाईस्नी तरी सांगायचं हुतंस." डबा बंद केला, उठला आणि गेला. तो काही हसला नाही, बाई. त्यानं त्याच दिवशी चार्जमनकडं दुसरा वायरमन मागितला. माझ्याशी अजून बोललेला नाही. तुम्ही म्हणायच्या, त्याला ठरवू द्या. त्यानं ठरवलं.

तिथून सायकल काढून संध्याकाळी पिंपळे गुरवला गेलो. केरबाला म्हटलं, उद्या मी साहेबांना सांगणार आहे. आधी माझं, मग तुझं. तो चिडला, रडला, मग दार लावून घेतलं. दाराआडून म्हणाला, "तुमचं पक्कं झालं म्हनून धर्म सुचतोय!" त्याचं काय खोटं होतं? मी त्याच्या जागी होतो तेव्हा मला कुणी अडवलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. परत येताना नदीच्या पुलावर मी सायकल थांबवली. माघारी फिरावं, गप्प बसावं, असं फार वाटलं. तुमच्या नावाला बट्टा लागणार, तुमची खोली बंद पडणार, माझी नोकरी जाणार आणि केरबाची लेकरं उपाशी मरणार, हे सगळं मला एकाच वेळी दिसत होतं. दुसऱ्या बाजूला फक्त एक माणूस प्रेसपुढं उभा दिसत होता. पाचावर धारण बसली होती, बाई. कुठल्याच बाजूला भीती कमी नव्हती, म्हणून मग निघालो.

सोमवारी सकाळी शिफ्ट लागायच्या आधी साहेबांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं बाई आम्हाला जे दाखवत होत्या ते सगळं खोटं?"

"नाही साहेब. बाईंनी विचारायचं ते बरोबर विचारलं. उत्तर मी खोटं दिलं."

"हे लेखी देशील?"

दिलं.  त्यांनी माझ्यासमोर फोन उचलून केरबाचं नाव प्रेसच्या यादीतून काढायला सांगितलं. डॉक्टर पुन्हा तपासतील, तोवर स्टोअरमध्ये. मलाही वायरिंगवरून काढलं, चौकशी होईपर्यंत. मी विचारलं, "आणि बाईंची खोली?" तर म्हणाले, "ते बघू." मोठ्या माणसांचं 'बघू' म्हणजे काय, ते तुम्ही मला बरोबर सांगितलं असतं. मला कळलं नाही. खोलीला सध्या कुलूप आहे.

काल संध्याकाळी दारात गयाबाई उभी. एकटीच आली होती, पायी. मला वाटलं, भांडायला आली. तिला पूर्ण हक्क होता. मंदानं तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती पाणी न पिता तांब्या धरून बसली.

"सकाळी हे कामावर निघाले," ती म्हणाली. "जीव ऱ्हाईना म्हून म्या मागं मागं गेले. तर हे कंपनीचं गेट सोडून तसेच म्होरं गेले. भोसरीच्या अंगाला. पयले ज्या कारखान्यात व्हते, तो बंद पडलाय ना, तिथं. तिथं जाऊन कुलपाकडं बघत उभे ऱ्हायले. म्या हात धरला तर मला म्हन्ले, आज सुट्टी हाय का गं?"

मंदानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हे दुसऱ्यांदा झालं, भाऊ. वहीत लिहायचं न्हाई म्हन्ले. बाई यायच्या तवा हे मह्याकडं बघायचे अन् म्या गप बसायची. बाई विचारायच्या, तुम्हाला भीती वाटती का? म्या म्हनायची, न्हाई." ती आता रडत होती. "लई वाटती. रोज वाटती. पर आता बाईच न्हाईत. म्या कोनाला सांगू?"

मंदानं माझ्याकडं पाहिलं. बाई, मी कोण ऐकून घेणारा? मी वायरमन माणूस, तोही कामावरून काढलेला. लोकांच्या घरातली भीती ऐकून घ्यायला तुम्ही कॉलेजात जाऊन शिकला होता. मी एखादा शब्द चुकीचा बोललो तर काय होईल, हे मला चांगलं माहीत होतं. तुम्ही या वेळी काय म्हणाला असता, ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला आणि काही केल्या आठवेना.

"मला सांगा," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेला नाही. म्हणून पुन्हा म्हणालो, "मला सांगा, वहिनी. पहिल्यापासून सांगा."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली.